चालत्या कॅमेऱ्याला टेकू

चैत्र शुद्ध एकादशीला, म्हणजे कामदा एकादशीला, नाशिकच्या काळाराम मंदिरापासून रथ निघतात. पुढे गरुडरथ, मागे रामरथ, आणि दोरांना लागलेले असंख्य हात. रामरथासमोर त्या वर्षीचे मानकरी बुवा रथाकडे तोंड करून उलट पावलांनी चालतात. त्यांच्या आसपास आणखी काही माणसं उलटी चालत असतात, पण ती मानकरी नव्हेत, व्हिडिओवाले. रथ, बुवा आणि दोर ओढणाऱ्यांचे चेहरे एकाच चौकटीत हवे असतील तर त्यांनाही दुसरा इलाज नसतो. पंचवटीतले रस्ते अरुंद, पायाखाली कुठे फरशी तर कुठे खड्डा, मागून रेटा आणि समोरून येणारा रथ. अशा जागी हातातल्या कॅमेऱ्याला कसला टेकू द्यायचा?

दुकानात याचं उत्तर तयार असतं, ‘गिंबल घ्या’, म्हणजे कॅमेऱ्याचा रोख मोटरींनी स्थिर ठेवणारी मूठ. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण गिंबल काय करतो याइतकंच तो काय करत नाही हे कळायला हवं. ते न कळता घेतलेला गिंबल पहिल्या लग्नसराईनंतर कपाटात जातो आणि त्याचा मालक ‘माझा हातच हलका नाही’ असं म्हणत राहतो. दोष हाताचा नसतो. बहुतेक वेळा तो पायांचा असतो, आणि कधी कधी नुसत्या अंतराचा.

हादरे दोन जातींचे असतात. पहिली जात वळण्याची. कॅमेरा आपल्या जागीच असतो, पण मनगट किंचित वाकतं आणि भिंगाचा रोख वर-खाली किंवा डावी-उजवीकडे जातो, नाहीतर क्षितिज तिरकं होतं. दुसरी जात सरकण्याची. रोख तोच राहतो, पण अख्खा कॅमेरा वर उचलला जातो, खाली आपटतो, बाजूला हेलकावतो. चालताना दोन्ही एकदम होतात म्हणून ते वेगवेगळे जाणवत नाहीत. चित्रावरचा त्यांचा परिणाम मात्र अगदी निरनिराळा असतो.

थोडा हिशेब करू. ४के व्हिडिओची चौकट ३८४० ठिपके रुंद असते. फोनच्या मुख्य भिंगाइतकं, म्हणजे साधारण २४ मिमीच्या तोडीचं रुंद भिंग असेल, तर कॅमेरा एक अंश वळला की चौकटीच्या मध्यावरचं चित्र सुमारे ४५ ठिपके सरकतं. १०० मिमीचं भिंग लावलं की तोच एक अंश १८५ ठिपक्यांच्या घरात जातो. समोरची वस्तू हातभर अंतरावर असो की गोदावरीच्या पलीकडच्या काठावर, उडी तेवढीच. आता सरकणं बघा. कॅमेरा सरळ २ सेंमी वर उचलला गेला. रुंद भिंगातून २० मीटरवरचं देऊळ दोन-तीन ठिपके हलेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण १ मीटरवर ढोल वाजवणारा उभा असेल तर तो पन्नासेक ठिपके वर-खाली उडेल.

निवडीचा अर्धा निकाल इथेच लागतो. लांबचं दृश्य, लांब भिंग, उभ्याने चित्रण असेल तर शत्रू वळण्याचा. जवळची माणसं, रुंद भिंग आणि चालते पाय असतील तर शत्रू सरकण्याचा. गिंबलमधल्या तीन मोटरी, तीन अक्षांवरच्या, फक्त पहिल्या शत्रूला मारतात. आत बसवलेले जायरो कॅमेरा किती वळला ते सतत मोजतात आणि मोटर तेवढाच उलटा फिरवून रोख पूर्ववत करते. कॅमेरा वर उचलला गेला तर मोटरला करण्यासारखं काही उरतच नाही. चालताना माणसाचं धड दर पावलाला चारेक सेंटिमीटर वर-खाली होतं, तेही सेकंदाला सुमारे दोनदा. म्हणून गिंबलवर घेतलेल्या पुष्कळ चित्रणात क्षितिज दोरीसारखं सरळ असतं, पण जवळची माणसं पाण्यावर तरंगल्यासारखी डुलत असतात. लग्नाच्या व्हिडिओत वधूच्या पाठोपाठ मंडपात शिरणारा तो डुलता कॅमेरा तुम्ही पाहिला असेलच.

आपल्याला स्वतःला चालताना जग डुलताना दिसत नाही, कारण डोळ्यांना जन्मजात गिंबल मिळालेला आहे. कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय डोक्याची हालचाल ओळखतं आणि साधारण १० मिलिसेकंदांत डोळे उलट दिशेने फिरवतं. उरलंसुरलं मेंदू सावरून घेतो. कॅमेऱ्यामागे असा मेंदू नसतो, आणि पडद्यासमोर स्वस्थ बसलेल्या प्रेक्षकाच्या कानातलं इंद्रिय ‘आपण हललेलोच नाही’ असं सांगत असतं. हलत्या व्हिडिओने मळमळतं ते त्यामुळे.

नाशिकमध्ये हा विषय निघाला की दादासाहेब फाळक्यांपाशी थांबावं लागतं, आणि ते केवळ गाववाले म्हणून नव्हे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. तो हाताने दांडा फिरवून चालवायचा. त्या काळच्या कॅमेऱ्यांत दांड्याच्या एका फेऱ्याला सर्वसाधारणपणे आठ चौकटी पुढे सरकत, सेकंदाला दोन फेरे मारले की सोळा. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात चौकटीही सोळाच बसतात, म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म. एक हात सतत गोल फिरत असताना कॅमेरा हातात धरणं शक्यच नव्हतं, कारण तो हात हाच सगळ्यात मोठा हादरा होता. जड लाकडी तिपाई त्या यंत्राचाच एक भाग होती. भांडवल देणाऱ्यांना पटावं म्हणून फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ महिन्याहून अधिक काळ थोडी थोडी करून टिपली आणि ती पडद्यावर भराभर उगवताना दाखवली. त्या अवधीत कॅमेरा जरा जरी सरकला असता तरी रोप वाढण्याऐवजी उड्या मारताना दिसलं असतं. भारतीय चित्रपटाच्या आरंभी गोष्टीच्याही आधी एक न हलणारा टेकू आहे, असं म्हणायला हरकत नाही.

‘राजा हरिश्चंद्र’साठी कॅमेरा हाताळायला फाळक्यांनी त्र्यंबकेश्वरचेच बालमित्र त्र्यंबक तेलंग यांना बोलावलं. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात तो लागला आणि त्यानंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. त्यांच्या लघुपटांच्या यादीत सिंहस्थ पर्वणीचं आणि गोदावरीच्या दृश्यांचं चित्रण आहे. त्या यंत्राचा स्वभाव पाहता तिथे कॅमेरा चालला नसणार. तो एका जागी रोवलेला असणार आणि गर्दी त्याच्यासमोरून वाहिली असणार. माझ्या मते ही युक्ती आजही सगळ्यात कमी वापरली जाते. रामकुंडाच्या वरच्या एखाद्या पायरीवर किंवा ओळखीच्या घराच्या गच्चीवर ट्रायपॉड लावून दहा मिनिटं गप्प उभं राहिलं, तर चालत्या मिरवणुकीचं जे चित्रण मिळतं ते गिंबल घेऊन तासभर धावूनही मिळत नाही. हालचाल मिरवणुकीतच भरपूर असते, कॅमेऱ्याने त्यात भर घालायची गरज दर वेळी नसते.

कॅमेरा चालायलाच हवा असेल तेव्हाच्या दोन्ही हादऱ्यांवर पुरा उपाय शोधला तो अमेरिकेतल्या गॅरेट ब्राउन यांनी, १९७० च्या दशकात. त्यांच्या स्टेडीकॅमची रचना ऐकायला साधी आहे. कॅमेरा एका दांड्याच्या वरच्या टोकाला, बॅटरी आणि पडदा खालच्या टोकाला. वजन असं दूर दूर वाटलं की वस्तूला वळवणं कठीण जातं, कारण वळण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो, दुप्पट अंतराला चौपट. दांडा तोलबिंदूच्या किंचित वर सांध्यावर धरलेला असतो, म्हणून हाताची थरथर त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणि तो सांधा स्प्रिंग असलेल्या एका यांत्रिक बाहूने माणसाच्या अंगावरच्या जाकिटाला जोडलेला असतो. वळण्याचा हादरा दांडा खातो, सरकण्याचा हादरा स्प्रिंग खाते. १९७६ च्या ‘बाउंड फॉर ग्लोरी’ आणि ‘रॉकी’ या चित्रपटांत तो वापरला गेला. फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्या रॉकी धावत चढतो ते दृश्य त्यातलंच. १९८० च्या ‘द शायनिंग’मधले हॉटेलचे लांबच लांब बोळ म्हणजे तर स्टेडीकॅमची जाहिरातच.

मग सगळ्यांनी तोच का घेऊ नये? कारण तो अंगावर चढवायला, तोलायला आणि मुख्य म्हणजे शिकायला वेळ लागतो. दांडा आडवा धरून सोडला की तो दोन-तीन सेकंदांत सरळ उभा राहिला पाहिजे, एवढा तोल दर वेळी भिंग बदललं की नव्याने जमवायचा. वारा हा त्याचा वैरी. ब्रह्मगिरीच्या माथ्यावर पावसाळी वाऱ्यात स्टेडीकॅम म्हणजे शिडाची होडी. शिवाय रथासमोरच्या गर्दीत तो बाहू आणि तो दांडा कुणाच्या बरगडीत घुसेल याची खात्री नाही. २०१३ मध्ये फ्रीफ्लाय कंपनीचा ‘मोवी’ हा हातात धरायचा मोटरवाला गिंबल आला, पाठोपाठ इतर कंपन्यांचे स्वस्त गिंबल आले, आणि वळण्याचा हादरा मारणं हे खिशाला परवडणारं काम झालं. स्प्रिंगचा भाग मात्र त्या स्वस्ताईत गळाला. तो आता पायांना करावा लागतो.

म्हणून चालण्याबद्दल. गुडघे किंचित वाकलेले ठेवायचे आणि दिवसभर तसेच ठेवायचे. दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात, पण गुडघे हीच तुमची स्प्रिंग. पुढे चालताना टाच आधी टेकवून पाऊल हळूहळू पुढे लोळवायचं, आपटायचं नाही. उलटं चालताना पायाची बोटं आधी टेकतात, त्यामुळे धक्का आपोआप मऊ होतो. सरावलेले लोक सरळ चालण्यापेक्षा उलट चालणं पसंत करतात ते यामुळेही. कोपरं अंगाला लागून हवीत. कॅमेरा, भिंग आणि गिंबल मिळून पावणेतीन किलो सहज भरतात. ते लांब हातावर धरले की खांद्यावरचा ताण कित्येक पटींनी वाढतो, दहा मिनिटांत हात थरथरू लागतात आणि गिंबलच्या मोटरी त्या थरथरीशी भांडण्यात बॅटरी संपवतात. आणि गर्दीत उलटं चालायचं तर मागून कमरेचा पट्टा धरणारा एक मित्र हवाच. ‘डावीकडे खड्डा’, ‘थांब, मागे आजी आहेत’ एवढं बोलणारा मित्र कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा जास्त चित्रण वाचवतो.

आता नाशिकच्याच काही जागा घेऊ, कारण एकच टेकू सगळीकडे चालत नाही हे त्यांच्याइतकं स्पष्ट दुसरं कुणी सांगणार नाही.

रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी उघडतात आणि रंगाच्या त्या हौदांत लोक ‘धप्पा’ मारतात. तिथे गिंबल न्यायचाच नाही. बहुतेक गिंबल पाण्यापासून सुरक्षित नसतात, आणि रंगीत पाणी मोटरीत गेलं तर दुरुस्तीपेक्षा नवा स्वस्त पडतो. जलरोधक ॲक्शन कॅमेरा आणि एक आखूड दांडी पुरे. या कॅमेऱ्यांत स्थिरीकरण सॉफ्टवेअरने होतं, चौकटीच्या कडा थोड्या कापून आतलं चित्र मागे-पुढे सरकवलं जातं. २०१८ च्या गोप्रो हिरो ७ ब्लॅकपासून ही करामत इतकी सुधारली की उन्हातल्या धावपळीत गिंबलची उणीव फारशी भासत नाही.

‘उन्हातल्या’ हा शब्द महत्त्वाचा. वाकडी बारवेपासून निघालेली गणपती विसर्जनाची मिरवणूक अंधार पडेपर्यंत चालते. प्रकाश कमी झाला की कॅमेरा प्रत्येक चौकट जास्त वेळ उघडी ठेवतो, १/५० सेकंद किंवा त्याहून अधिक. तेवढ्या वेळात कॅमेरा हलला तर ती चौकटच पुसट होते. सॉफ्टवेअर चौकटी एकाखाली एक नीट लावून देतं, पण पुसटलेपण तसंच राहतं, आणि मग उभ्या खांबाजवळचं चित्र मध्येच धूसर, मध्येच स्पष्ट असं धडधडताना दिसतं. हादरा चौकट टिपली जाण्याआधीच मारला पाहिजे, म्हणजे मोटरवाला गिंबल हवा किंवा भिंग हलवणारं स्थिरीकरण हवं. रात्रीच्या कामासाठी दुकानदार ‘ॲक्शन कॅमेऱ्यात सगळं येतं’ म्हणाला तर मान डोलवून पुढच्या दुकानात जावं. गायरोफ्लोसारखं मोफत सॉफ्टवेअर कॅमेऱ्याने नोंदवलेल्या हालचालीवरून नंतर चित्र सावरतं आणि दिवसा ते कमाल काम करतं, पण पुसट चौकटीपुढे त्याचाही नाइलाज.

ढोलपथकाजवळ वेगळीच गंमत होते. ढोलाचा दणका हवेतून येतो, छातीत जाणवतो आणि फोनमधल्या स्थिरीकरणाच्या तरंगत्या भिंगालाही जाणवतो. त्याहून वाईट मोटरसायकल. मुंबई-आग्रा महामार्गाने कसाऱ्याचा घाट चढताना हँडलला फोन अडकवून चित्रण करण्याची हौस अनेकांना असते. जोरदार इंजिनांची कंपनं हँडलमार्गे सतत पोचली तर फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा खराब होऊ शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता. गाडीवर चित्रण करायचंच तर ज्यात भिंग हलत नाही असा ॲक्शन कॅमेरा हेल्मेटवर किंवा छातीच्या पट्ट्यावर लावावा. माणसाचं अंग हँडलपेक्षा फार चांगली गादी आहे.

हरिहर गडावर तर निवडीला वावच नाही. उभ्या कातळात कोरलेल्या त्या पायऱ्यांना हातासाठी खोबण्या आहेत, आणि दोन्ही हात तिथेच हवेत. हातात काही धरून ते चढणं हा स्थिरतेचा नव्हे, जिवाचा प्रश्न होतो. छातीवरचा पट्टा लावा. डोक्यावरचा नको, कारण चढताना मान दर क्षणाला फिरते आणि प्रेक्षकाला गरगरतं. सप्तशृंगगडावर उलट परिस्थिती. फ्युनिक्युलर ट्रॉली रुळांवरून संथ चढत असते, सिनेमावाले रूळ टाकून त्यावर जी ट्रॉली ढकलतात ती इथे फुकट मिळते. काचेला खांदा टेकवा, कोपरं पोटाला, श्वास हळू. दुसरं काही लागत नाही. द्राक्षबागेत ओळींमधून चालताना मात्र वेली दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर असतात, म्हणजे सरकण्याचा हादरा सगळ्यात जास्त दिसण्याची जागा. तिथे गिंबल, वाकलेले गुडघे आणि भुसभुशीत मातीवर अगदी संथ चाल हवी. किंवा कॅमेरा थोडा उंच धरून पानांऐवजी ओळीच्या टोकाशी रोख ठेवा. अंतर वाढलं की अर्धा हादरा आपोआप विरतो.

सिंहस्थाचं ध्वजारोहण २०२६ च्या ऑक्टोबरअखेर आणि मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ठरली आहेत. त्या गर्दीसाठी माझी पसंती मोनोपॉडला. जमिनीवर एका पायाची जागा लागते, उचलून डोक्यावर धरला की उंच काठी होतो, आणि खालचं टोक मोकळं सोडलं की त्याचं वजनच कॅमेऱ्याला स्टेडीकॅमसारखा थोडा तोल देतं. ट्रायपॉडचे पाय मिटून तोही असाच वापरता येतो. ड्रोनचा मोह होईल, पण ओझरचा विमानतळ आणि देवळालीचा तोफखाना शेजारी असलेल्या शहरात आधी ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा बघावा, मग पोलिसांना विचारावं. बहुधा उत्तर नकारार्थीच येईल.

खरेदीचं बोलायचं तर मॉडेलची नावं छापून होईपर्यंत शिळी होतात, तपासण्या होत नाहीत. गिंबल बंद ठेवून कॅमेरा त्यावर बसवा आणि कुठल्याही तिरक्या अवस्थेत सोडा. तो तिथेच राहिला तर तोल जमला. पडला तर ती सगळी ओढ मोटरींना दिवसभर सोसावी लागणार. वजनाची कमाल मर्यादा कंपनी सांगते त्याच्या पाऊण भागापर्यंतच धरा. कॅमेऱ्याखालचा आटा पाव इंची, एका इंचात वीस फेऱ्यांचा असतो. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपात एखादा ब्रॅकेट बनवून घेणार असाल तर हे आवर्जून सांगा, नाहीतर कारागीर सवयीने ६ मिमीचा बोल्ट लावतो. तो दोन फेरे जातो, पक्का वाटतो आणि आटा खाऊन टाकतो. याच आट्यात एक बोल्ट बसवून त्याला मजबूत दोरी बांधा, दुसरं टोक बुटाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताणून धरा. उभ्याने चित्रण करताना या टेकूला चहाच्या दोन कपांइतका खर्च येतो.

मोठा गिंबल घेण्याआधी भाड्याने एक दिवस आणा. १ मीटरवर एका माणसाला उलटं चालायला लावून त्याच्यासमोर तुम्ही पुढे चाला, मग अदलाबदल करा, मग जिन्यावरून उतरा. शेवटी अंधार पडल्यावर रस्त्यावरच्या दिव्याखाली हेच पुन्हा करा. हे चित्रण फोनच्या पडद्यावर बघू नका, तिथे सगळंच छान दिसतं. घरच्या टीव्हीवर लावा आणि तुमच्याऐवजी घरातल्या कुणाला तरी बघायला बसवा.